छापखान्यासाठी छोटा सर्व्हर : स्वतः शिकून उभारावा का?

खिळेजुळारी

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा ऑफसेटचा छापखाना आहे. पत्रिका, बिलबुकं, दिनदर्शिका, संस्थांचे अहवाल आणि निवडणूक लागली की हँडबिलं. सात संगणक आहेत : तीन डिझाइनला, एक सीटीपीच्या (संगणकावरून थेट प्लेट काढणाऱ्या मशीनच्या) प्लेटा काढायला, दोन काउंटरवर आणि एकावर टॅली. सर्व्हर म्हणून जे काही आहे ते म्हणजे एका डिझायनरच्या संगणकावर शेअर केलेलं फोल्डर. तो सहाला मशीन बंद करून घरी गेला की रात्रपाळीचा प्लेटवाला त्याला फोन लावत बसतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यामुळे निम्मे संगणक बदलायचेच आहेत. त्यातच एक नीटसा सर्व्हर बसवावा असं डोक्यात आहे. एका विक्रेत्याने कोटेशन दिलं : ब्रँडेड टॉवर सर्व्हर, विंडोज सर्व्हर स्टँडर्ड, सात जणांचे कॅल (प्रत्येक वापरकर्त्यामागे घ्यायचे परवाने), बसवण्याचा खर्च वेगळा. बाबांनी आकडा वाचला आणि म्हणाले, यात थोडे घातले तर सेकंडहँड कटिंग मशीन येईल.

हे मी स्वतः शिकून उभारू शकते का? मी बीकॉम. लिनक्सचं तोंडही पाहिलेलं नाही. पण प्रेसमधलं बाकी सगळं असंच शिकले, विचारत विचारत. आधी काय शिकावं, कशाला हात लावू नये आणि पैसे मोजून माणूस कधी बोलवावा, एवढं सांगा. चेष्टा चालेल.

मिरजमळा

मी पयला! लिनक्सवाले आणि विंडोजवाले समोरासमोर आले की मला उठवा.

ढगातलापंत

ताई, या जमान्यात ऑफिसात सर्व्हर कशाला? गूगल वर्कस्पेस नाहीतर मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्या, फायली ढगात (क्लाउडवर) टाका आणि मोकळ्या व्हा. वीज गेली, डिस्क उडाली, उंदराने वायर कुरतडली, यातलं काहीही तुमच्या गळ्यात नको.

खिळेजुळारी

@ढगातलापंत, पत्रं आणि कोटेशनं ढगातच आहेत. पण अहवालाचं एक काम फोटोंसकट चार जीबीपर्यंत जातं. डिझायनरने सेव्ह केलं की प्लेटवाल्याला ते लगेच हवं असतं. आणि आमच्या रस्त्यावर महिन्याआड कोणी ना कोणी खोदकाम काढतं, की इंटरनेट गुल. मशीनवर कागद चढलेला असताना "नेट नाही" म्हणून माणसं बसवून कशी ठेवणार?

आकडेमोड

चार जीबी वर चढवायला ५० एमबीपीएस अपलोडवर साधारण अकरा मिनिटं, तीही लाइन पूर्ण वेगाने चालली तर. मग पलीकडच्याने तेवढंच उतरवून घ्यायचं. गिगाबिट लॅनवर हेच काम चाळीस सेकंदांच्या आत. छापखाना, आर्किटेक्ट, लग्नाचं शूटिंग करणारे, यांना जागेवर सर्व्हर लागतोच. पंतांचा सल्ला सीएच्या ऑफिसला ठीक.

शिवाय सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. कचरापेटीत काही दिवस राहतं, ते दिवस उलटल्यावर लक्षात आलं तर गेलंच.

जुना_वायरमन

सगळे सॉफ्टवेअरवर बोलणार म्हणून मी भिंतीतलं सांगतो. आयुष्य वायरी ओढण्यात गेलं, त्यामुळे जरा लांबेल.

पहिली गोष्ट केबल. जुन्या ऑफिसांत लॅनच्या केबलमधल्या आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या सापडतात, उरलेल्या चारांवर टेलिफोन नाहीतर दुसरा संगणक चालवलेला असतो. चार तारांवर जोडणी १०० एमबीपीएसलाच अडकते, म्हणजे सेकंदाला अकरा-बारा एमबी. तुमची चार जीबीची फाइल सहा मिनिटं घेणार आणि तुम्ही नव्या सर्व्हरला शिव्या देणार. कॅट ५ई केबल असली तरी शंभर मीटरपर्यंत गिगाबिट आरामात चालतं, फक्त आठही तारा जोडलेल्या हव्यात आणि स्विच गिगाबिटचा हवा. दोनेकशे रुपयांचा केबल टेस्टर आणा आणि प्रत्येक टोक तपासा. सर्व्हर घ्यायच्या आधी.

दुसरी गोष्ट वीज. ऑफसेटची मोटर सुरू होते तेव्हा त्या लाइनवर व्होल्टेज बसतं. सर्व्हर आणि स्विचला वेगळा एमसीबी काढा, जमलं तर वेगळी फेज. न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये मीटर लावून बघा. दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आधी अर्थिंगचा खड्डा बघायचा, सर्व्हर नंतर. घरगुती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर सर्व्हर टाकू नका. चांगल्या एसएमपीएसमध्ये (संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये) ॲक्टिव्ह पीएफसी नावाची सोय असते, त्याला तो करंट मानवत नाही. साइन वेव्हचा यूपीएस घ्या आणि त्याच्यासोबत येणारी यूएसबी केबल खोक्यातच ठेवू नका! ती सर्व्हरला जोडली की बॅटरी संपत आल्यावर सर्व्हर आपला आपण नीट बंद होतो. लोक हजारोंचा यूपीएस घेतात आणि ही केबल फेकतात. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची हे आत्ताच कॅलेंडरवर लिहा.

तिसरी गोष्ट जागा. तुमच्याकडे स्प्रे पावडर वापरत असणार. शीट एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मारतात ती. ती पंख्यावाटे आत गेली की हीटसिंकवर थर बसतो. मशीनरूममध्ये सर्व्हर अजिबात नको.

वाचनमात्र_विजू

काका, _/\_ . प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली).

खिळेजुळारी

जागेचीच पंचाईत आहे. मशीनरूम तळमजल्यावर. वर पत्र्याची खोली. मार्च-एप्रिलमध्ये तिथे उभं राहवत नाही. आणि तळमजला म्हणजे... सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

कृष्णाकाठ

महापुराची वर्षं : २००५, २०१९, २०२१. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या गल्लीत पहिला मजला गाठला होता. दुकानदारांनी वह्या वाचवल्या, संगणक खालीच राहिले, कारण ते "नंतर उचलू" म्हणून ठेवले होते. वर न्या. उष्णतेवर उपाय निघतो.

विदर्भवीर

आमच्या अमरावतीत मे महिन्यात माणूसच शटडाऊन होते भाऊ, सर्व्हरचं काय घेऊन बसले. पण खरं सांगतो, पत्र्याखाली पीओपीचं नाहीतर थर्माकोलचं फॉल्स सीलिंग टाका, एक एक्झॉस्ट लावा आन् डिस्कचं टेंपरेचर बघत राहा. पन्नासच्या खाली ठेवा म्हंजे झालं. कूलर मात्र नका लावू त्या खोलीत. ओलावा भरते.

रॅकवाला

मी हाच धंदा करतो (पुणे, वार्षिक देखभालीचे करार), म्हणून माझं म्हणणं थोडं पारखून घ्या.

ताई, कोटेशन देणाऱ्याने तुमची गरज विचारलेली दिसत नाही. सात जणांच्या फाइल शेअरिंगला स्टँडर्ड एडिशन लागत नाही. त्याचं लायसन्स किमान सोळा कोरचं घ्यावं लागतं आणि कॅल वेगळे. विंडोजच हवं असेल तर इसेन्शियल्स एडिशन बघा. ती सर्व्हरसोबतच विकत मिळते, २५ वापरकर्ते आणि ५० उपकरणांपर्यंत कॅल लागत नाहीत. पूर्वी खास छोट्या धंद्यांसाठी स्मॉल बिझनेस सर्व्हर नावाचं पॅकेज यायचं, २०११ ची आवृत्ती शेवटची. मेल, फायली, सगळं एकात. ते गेलं आणि छोट्या गिऱ्हाइकाला मोठ्याचा माल विकायची रीत पडली.

त्याहून सोपं म्हणजे एका बऱ्या डेस्कटॉपवर विंडोज ११ प्रो टाका. त्याच्या लायसन्समध्ये एका वेळी वीस उपकरणांपर्यंत शेअरिंग चालतं. तुम्ही सात. रोजच्या कामाला पुरतं. फक्त ते मशीन कोणाच्या टेबलावर नको. टेबलावर असलं की त्यावर कोणीतरी यूट्यूब लावतंच.

स्वतः शिकाल का? शिकाल. पण उभारणं हा सोपा भाग. तुम्ही देवदर्शनाला गेलात आणि सकाळी शेअर दिसेनासा झाला तर खाली कोण बघणार, हा प्रश्न आधी सोडवा.

टर्मिनलतात्या

@रॅकवाला, विंडोज ११ प्रो आपल्या मर्जीने अपडेट घेऊन भर दुपारी रीस्टार्ट व्हायला बसतो, ते लिहायचं राहिलं का? :)

ताई, लिनक्सला घाबरू नका. तुम्हाला हवंय फाइल सर्व्हर, आणि त्यासाठी साम्बा नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. १९९२ च्या सुमारास कॅनबेराला शिकत असलेल्या अँड्र्यू ट्रिजेलने ते सुरू केलं. बॅकअपला सगळे वापरतात ते आरसिंकही त्याचंच. विंडोजच्या संगणकांना पलीकडे लिनक्स आहे हे कळतसुद्धा नाही, नेटवर्क ड्राइव्ह नेहमीसारखाच दिसतो.

शिकायचा क्रम माझ्या मते असा. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, त्यात उबुंटू सर्व्हर २४.०४ किंवा डेबियन, दोन्ही लिनक्सच. २४.०४ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात, घाई नाही. चार गोष्टी हातात बसेपर्यंत खऱ्या मशीनला हात लावायचा नाही : वापरकर्ते आणि ग्रुप, फोल्डरच्या परवानग्या, एसएसएचने दुसऱ्या संगणकावरून आत जाणं आणि लॉग (सर्व्हर आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती फाइल) वाचणं. चौथी गोष्ट लोक टाळतात. काही बिघडलं की लगेच रीइन्स्टॉल! लॉग वाचला तर दहातल्या नऊ वेळा कारण तिथेच लिहिलेलं असतं. मग आभासी मशीनला दोन आभासी डिस्क लावा, झेडएफएस (डिस्कवरच्या फायली सांभाळणारी फाइल सिस्टिम) वापरून मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तीच प्रत, बनवा आणि चालू असताना एक डिस्क काढून बघा. धडधड होईल. होऊ द्या, तिथे काही जात नाही.

मशीन म्हणाल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर नाहीतर ऑनलाइन रिफर्बिश्ड टॉवर मिळतात. रॅकचे घेऊ नका, विमानासारखे ओरडतात. पन्नास वॅटवर भागणारं काहीतरी बघा. पन्नास वॅट चोवीस तास म्हणजे वर्षाला ४३८ युनिट. जुना दोन प्रोसेसरचा राक्षस "स्वस्तात मिळाला" म्हणून आणलात तर फरक वीजबिलात दिसेल.

रॅकवाला

तात्या, अपडेटची वेळ ठरवता येते हो. आणि बीकॉम झालेल्या बाईंना पहिल्याच आठवड्यात झेडएफएस?

टर्मिनलतात्या

बीकॉम झालेल्या बाई जीएसटी रिटर्न भरतात. झेडएफएस त्याहून सोपं.

मिरजमळा

मला कोणी उठवलं का नाही??

फोंडेकर

मध्ये एक मत टाकतो. माझं गोव्यात रबर स्टॅम्प आणि साइनबोर्डचं दुकान. मी दोन डिस्कची तयार नॅसची पेटी (नेटवर्कला जोडायचा छोटा फाइल सर्व्हर) घेतली. ब्राउझरमधून सगळं सेट होतं, आवाज नाही, पंधरा-वीस वॅट खाते. लिनक्सच आहे आत, पण ते मला दिसत नाही आणि बघायचंही नाही. वायरमनकाकांच्या यादीत आमच्याकडचा पावसाळी दमटपणा जोडा. महिना-महिना बंद ठेवलेली उपकरणं बिघडतात, सतत चालू असलेली टिकतात, असा अनुभव.

डिस्क घेताना सीएमआर की एसएमआर (माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून लिहायला हळू) ते विचारा. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीने नॅसच्या डिस्कमध्ये न सांगता एसएमआर घातल्याचं उघड झालं होतं. मिररमधली डिस्क बदलून नवी भरताना त्या फार रखडतात. आणि दोन्ही डिस्क एकाच लॉटमधल्या नकोत, एका दुकानातून एकच घ्या.

आकडेमोड

पेटी घ्या, टॉवर घ्या, पण मिरर म्हणजे बॅकअप नव्हे हे कुणीतरी ठळक लिहा. मिरर फक्त डिस्क मेली तर काम थांबू नये म्हणून. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. रॅन्समवेअरने (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) कुलूप लावलं की दोन्हींवर लागतं.

खिळेजुळारी

जरा इस्कटून सांगा. मग बॅकअप घेऊ कसा? सध्या एक्स्टर्नल डिस्क आहे, ती टॅलीच्या संगणकाला कायम लावलेली असते.

आकडेमोड

कायम लावलेली डिस्क हा बॅकअपचा भास. त्या संगणकात काही घुसलं तर लावलेली डिस्कही त्याच झपाट्यात जाते.

जुना नियम ३-२-१ : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक जागेबाहेर. तुमच्यासाठी असं करता येईल. सर्व्हरवर दर तासाला झेडएफएसचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत). हे केवळ वाचण्यापुरते असतात, काउंटरवरच्या संगणकातून घुसलेल्या व्हायरसला ते बदलता येत नाहीत. साम्बात शॅडो कॉपीचं मोड्यूल चालू केलं की डिझायनरला विंडोजमध्येच फाइलवर राइट क्लिक करून जुन्या आवृत्त्या दिसतात, तुम्हाला हाक मारायची गरज नाही. मग रात्री दुसऱ्या एका स्वस्त मशीनने सर्व्हरकडून प्रत ओढून घ्यायची. ओढून हा शब्द नीट वाचा. सर्व्हरने ढकलायची नाही. सर्व्हरकडे बॅकअप मशीनचा पासवर्डच नसला तर सर्व्हर पडला तरी बॅकअपपर्यंत कोणी पोचत नाही. आणि आठवड्याला दोन एक्स्टर्नल डिस्क आळीपाळीने गावाबाहेर.

कृष्णाकाठ

गावाबाहेर म्हणजे खरंच बाहेर हं. पूर आला तेव्हा दुकान गावभागात आणि बॅकअप खणभागातल्या घरात, असे लोक होते. दोन्हीकडे पाणी.

खिळेजुळारी

मावशी तासगावला आहे. शनिवारी डिस्क जाईल, येताना बेदाणे येतील.

आकडेमोड

बॅकअपचा असा फायदा कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता. डिस्कला पासवर्डचं एन्क्रिप्शन मात्र करा. एसटीत राहिली तर गिऱ्हाइकांच्या पत्रिका आणि टॅली दोन्ही चारचौघांत.

सीएस_नव्हे_सीए

कायद्याचं थोडं. संस्था प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एडिट लॉग (कोणी काय बदललं त्याची नोंद) बंद न करता येणारा हवा, आणि २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातच असलेल्या सर्व्हरवर हवा. प्रोप्रायटरशिप किंवा साधी भागीदारी असेल तर हा कंपनी कायद्याचा नियम लागत नाही. जीएसटीचा मात्र सगळ्यांना लागतो : वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने कागदपत्रं जपायची. तेव्हा हिशेबाचे स्नॅपशॉट तीस दिवसांनी पुसून जागा मोकळी केली आणि दुसरी प्रतच नाही, असं होऊ देऊ नका.

टॅली सर्व्हरच्या शेअरवर ठेवून दोघांनी उघडायची तर गोल्ड लायसन्स लागेल, सिल्व्हर एका वेळी एकालाच. आणि टॅलीचं चालू फोल्डर ढगातल्या ड्राइव्हच्या सिंकमध्ये टाकू नका, वापरात असलेल्या फायली अर्धवट कॉपी होतात.

खिळेजुळारी

प्रोप्रायटरशिप. धन्यवाद. अजून एक कोडं. एक जुन्या विंडोज एक्सपीचा संगणक आहे, पॅरलल पोर्टला फॉन्टचा डोंगल (फॉन्ट चालायला लागणारी किल्लीसारखी डबी) लावलेला. जुन्या पत्रिकांचं मॅटर त्याच्यावरच उघडतं. त्याला नवा सर्व्हर दिसेल का?

टर्मिनलतात्या

नाही दिसणार, आणि दिसू देऊ नका. एक्सपीला एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या फाइल शेअरिंगच्या भाषेची, पहिली आवृत्तीच येते. साम्बाने ती २०१९ पासून मुळातच बंद ठेवली आहे. यूट्यूबवर कोणीतरी "एक ओळ टाका, चालू होतं" म्हणून सांगेल. ती ओळ टाकू नका. मे २०१७ मधलं वॉनाक्राय हे रॅन्समवेअर याच पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून पसरलं. पॅच मार्चमध्येच आला होता, लोकांनी लावला नव्हता.

त्या एक्सपीची लॅन केबल काढा. एकच पेनड्राइव्ह त्याच्यासाठी राखून ठेवा आणि जुनी मॅटरं जमेल तशी पीडीएफ किंवा कर्व्ह (फॉन्ट न लागणारी आकृती) करून सर्व्हरवर आणा.

शब्दवेडा

ते "जमेल तसं" फार वर्षं चालतं, सांगून ठेवतो. आमच्याकडे दिवाळी अंकाची जुनी पानं अजून "जमेल तशी" युनिकोडमध्ये येताहेत.

फायलींना मराठीत नावं देत असाल तर एक गंमत. लिनक्सच्या बहुतेक फाइल सिस्टिममध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना-मात्रा-वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं मोजली जातात. म्हणजे पंचाऐंशी चिन्हांत खेळ खलास. विंडोजवर मर्यादा वेगळ्या पद्धतीने मोजतात, तिथे तेच नाव चालतं.

खिळेजुळारी

अरे देवा. "चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक यांच्या शुभविवाहाची निमंत्रण पत्रिका मुलाकडची फायनल नक्की नवीन मुहूर्त". ही खरी फाइल आहे, नावं तेवढी बदलली.

मिरजमळा

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). नवीन मुहूर्त!

आकडेमोड

मोजलं. मर्यादेच्या वर जातंय. :) नाव ठेवा तारीख, गिऱ्हाइकाचा नंबर आणि दोन शब्द. २०२६-०२-१४_११४७_पत्रिका_मुलाकडची. तारीख वर्षापासून लिहिली की फायली आपोआप क्रमाने लागतात. सर्व्हर बसवायच्या आधी हे शिस्तीत आणा. नंतर कोणी ऐकत नाही.

एडिसनकर

धागा उशिरा पाहिला. इकडे एका मित्राचं छोटं ऑफिस आहे, त्याचं नेटवर्क मी सांभाळतो. एकच सांगायचं आहे : घरून काम करायला म्हणून राउटरमध्ये ३३८९ पोर्ट उघडून रिमोट डेस्कटॉप बाहेर ठेवू नका. तसं उघडं पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात आणि रॅन्समवेअरचा तो आवडता दरवाजा आहे. घरून फायली लागत असतील तर वायरगार्डचा व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसपर्यंतची कुलूपबंद वाट). तुमच्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्या सीजीनॅटमागे (अनेक गिऱ्हाइकांत वाटलेल्या एकाच पत्त्यामागे) असतात, बाहेरून थेट पोचता येत नाही. मग स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतःचा पत्ता) मागा किंवा टेलस्केल नावाची व्हीपीएन सेवा वापरा, ते सीजीनॅटमागूनही चालतं.

आणि मेल सर्व्हर स्वतः उभारायचा मोह झाला तर दोन दिवस झोपून घ्या. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, उलटा डीएनएस (मेल खरंच तुमचाच हे पटवणाऱ्या नोंदी), सगळं बरोबर करूनही मेल स्पॅममध्ये जातात. ते विकतच घ्यावं.

ढगातलापंत

शेवटी मेल ढगातच ना? मी फक्त एवढंच म्हणत होतो.

खिळेजुळारी

अपडेट. दोन आठवडे लॅपटॉपवर तात्यांच्या यादीप्रमाणे चाललंय. डिस्क काढून बघितली, चालू राहिलं. खरंच चालू राहिलं. काकांच्या सांगण्यावरून केबल तपासल्या : सीटीपीच्या आणि एका डिझायनरच्या केबलमध्ये चारच तारा होत्या. त्या दुरुस्त केल्यावर सर्व्हर यायच्या आधीच प्लेटवाला खूश आहे.

एका ठिकाणी अडकले. "डिझाइन" फोल्डरमध्ये एकाने ठेवलेली फाइल दुसऱ्याला उघडते पण सेव्ह होत नाही. सगळ्यांना सगळ्या परवानग्या दिल्या की होतं. पण मग काउंटरवरूनही डिझाइन पुसता येतं.

टर्मिनलतात्या

सगळ्यांना सगळं देणं हा उपाय नव्हे. डिझायनरांचा एक ग्रुप करा, फोल्डरची मालकी त्या ग्रुपला द्या आणि फोल्डरवर सेट-जीआयडी लावा, म्हणजे परवानगी २७७० (मालक आणि ग्रुपला सगळं, बाकीच्यांना काही नाही). आत जी नवी फाइल येईल ती आपोआप ग्रुपच्या नावावर पडते. मग साम्बाच्या त्या शेअरमध्ये नव्या फायलींना ०६६० (मालक आणि ग्रुपला वाचायला-लिहायला) आणि नव्या फोल्डरांना २७७० सक्तीने मिळेल अशा दोन ओळी घाला. काउंटरवाल्यांना दुसरा ग्रुप, त्यांना फक्त "तयार प्रूफ" फोल्डर वाचायला. टॅलीचं फोल्डर तुम्ही आणि हिशेबवाले, बास. आधी केलेल्या फायलींना जुनीच परवानगी राहील, त्या एकदा हाताने बदलून घ्या.

खिळेजुळारी

झालं! आणि कळलंही, हे विशेष. मशीन रिफर्बिश्ड टॉवर घेतेय, वरच्या खोलीत, फॉल्स सीलिंगचं काम सुरू केलंय. नॅसची पेटी बॅकअप ओढायला. @रॅकवाला, तुमचा देवदर्शनाचा प्रश्न बाकी आहे.

रॅकवाला

विचारलंत म्हणून. एक साधी वही. पहिल्या पानावर सर्व्हर बंद आणि चालू कसा करायचा, यूपीएस वाजायला लागला तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. रात्रपाळीच्या माणसाला वाचता येईल अशा मराठीत. पुढच्या पानांवर कुठली डिस्क कुठल्या खाचेत, तिचा सीरियल नंबर (तोच डिस्कच्या पुढच्या बाजूला स्टिकरवर लिहा, नाहीतर बिघडलेली राहील बाजूला आणि चांगली काढाल), प्रत्येक बदल तारखेसह. पासवर्ड वहीत नको. ते बंद पाकिटात, बाबांच्या तिजोरीत.

महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादं जुनं काम परत काढा आणि थेट कोरेलमध्ये उघडा. "बॅकअप यशस्वी" असा मेल येत होता आणि आत रिकामे फोल्डर होते, असं गिऱ्हाइकांकडे पाहिलंय. आणि वर्षातून दोनदा माझ्यासारख्या कोणाला तरी पैसे देऊन बोलवा, सेटिंगवरून नजर फिरवायला. रोजच्या कामाला मला बोलवायची गरज तुम्हाला पडेलसं वाटत नाही. हे मी धंद्याच्या विरोधात लिहितोय, नोंद घ्या.

टर्मिनलतात्या

नोंद घेतली. रॅकवाल्यांशी सहमत. (धाग्याची तारीख जपून ठेवा.)

दातवाली

माझा दातांचा दवाखाना आहे, चार खुर्च्या, एक्स-रे डिजिटल. वरचं सगळं मलाही लागू का? आमच्या एक्स-रेचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं आणि त्याचा डेटाबेस सर्व्हरवरच ठेवावा लागतो.

आकडेमोड

फाइल शेअरिंग आणि डेटाबेस यांचे बॅकअप वेगळे. चालू डेटाबेसची नुसती फाइल कॉपी केली तर ती उघडेलच असं नाही, डेटाबेसच्या स्वतःच्या सोयीने डंप घ्यावा लागतो. शिवाय रुग्णांची माहिती आहे. वेगळा धागा काढा, सॉफ्टवेअर कुठलं आणि डेटाबेस कुठला ते लिहा. तिथे भेटू.

मिरजमळा

तिथेही मी पयला.